एस्पेरांतोचे चिमुकले शब्द: मराठी माणसाने कुठून सुरुवात करायची

एस्पेरांतो शिकायला घेतली की बहुतेक जण पहिल्या आठवड्यात शब्द पाठ करत सुटतात, लिब्रो म्हणजे पुस्तक, आक्वो म्हणजे पाणी, दोमो म्हणजे घर, आणि मग समोर कोणी बोलायला लागलं की शब्द सगळे ओळखीचे वाटतात पण वाक्य काही हाती लागत नाही. कारण वाक्य ज्यांच्यावर उभं असतं ते चु, के, दा, या, याम, आयन हे चिमुकले शब्द कोणी नीट समजावून दिलेलेच नसतात. हा लेख फक्त त्यांच्यासाठी आहे. तुम्ही डोंबिवलीत असा नाहीतर बोरिवलीत, मराठी तुमची रोजची भाषा असेल तर या शब्दांच्या बाबतीत तुमच्याकडे इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा जास्त भांडवल आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते का ते पुढे येईलच.

ज्यांना भाषाच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लुडविक झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ साली वॉर्सातून 'डॉक्टर एस्पेरांतो' म्हणजे 'आशा बाळगणारा' अशा टोपणनावाने या भाषेचं पहिलं पुस्तक काढलं. त्याचं लहानपण बियालिस्टोकमध्ये गेलं, जिथे रशियन, पोलिश, जर्मन, यिडिश अशा भाषा बोलणारे लोक शेजारी शेजारी राहायचे पण एकमेकांशी पटायचं नाही. कोणाची मातृभाषा काढून घ्यायची नाही, सगळ्यांना दुसरी म्हणून वापरता येईल अशी एक सोपी भाषा द्यायची, एवढीच त्याची कल्पना. पुढे १९०८ मध्ये जागतिक एस्पेरांतो संघटना स्थापन झाली, आणि आपल्याकडचे बंगाली भाषाशास्त्रज्ञ प्रोबाल दासगुप्ता २००७ ते २०१३ या काळात तिचे अध्यक्ष होते, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.

व्याकरणाचे मूळ नियम १६. नाम 'ओ'ने संपतं, विशेषण 'आ'ने, क्रियाविशेषण 'ए'ने, क्रियापद वर्तमानात 'आस', भूतकाळात 'इस', भविष्यात 'ओस'. 'वेनी' म्हणजे येणं, मग वेनास, वेनिस, वेनोस, झालं, अपवाद नाही. म्हणजे नाम, विशेषण, क्रियापद ही मंडळी शेपटीवरून ओळखता येतात आणि नसली तर बनवताही येतात. चिमुकल्या शब्दांना अशी ठरलेली शेपटी नसते, ते बनवता येत नाहीत, ते सरळ शिकावेच लागतात. म्हणून माझा सल्ला असा की पहिला महिना नामं कमी, हे शब्द जास्त.

आणि एक सूत्र आत्ताच कागदावर लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा लेख त्यावरच चालणार आहे: मराठीत मागे, एस्पेरांतोत पुढे. आपण 'घरात' म्हणतो, ते 'एन दोमो' म्हणतात. आपण 'मीही' म्हणतो, ते 'आन्काउ मी' म्हणतात. आपण 'येणार का?' म्हणतो, ते 'चु' आधी लावतात. आपल्याकडे जे शब्दाला मागून चिकटतं ते तिकडे शब्दाच्या आधी सुटं उभं राहतं, अपवाद फार थोडे.

पायरी १: वाचायचं कसं

एस्पेरांतोची लिपी रोमन, अक्षरं २८, त्यातल्या पाचांवर टोपी आणि एकावर आपल्या ॲ वर असतो तसा चंद्र. फोनवर एस्पेरांतोचा कीबोर्ड टाकून घ्या, नाहीतर टोपीवाल्या अक्षरापुढे एक्स टाइप करायची पद्धत आहे, ती सगळ्यांना कळते. इथे मी सगळं देवनागरीत लिहितोय, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा काही अर्थ नाही, आणि जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. च हा कायम चहातला, चमचातला नाही. चमचातला उच्चारसुद्धा या भाषेत आहे, त्याला वेगळं अक्षर आहे, तो मी 'त्स' असा लिहीन. आपल्याला दोन्ही उच्चार आईच्या दुधाबरोबर मिळालेत त्यामुळे त्यात वेळ जाणार नाही.

पायरी २: जोडणारे शब्द, आणि कानाला फसवणारे

सर्वनामांपैकी पहिलंच आपलं निघतं. 'मी' म्हणजे मीच. 'वी' म्हणजे तू, तुम्ही, आपण सगळंच, अहो-जाहो वेगळं नाही. तो 'ली', ती 'शी', आम्ही आणि आपण दोन्हीला 'नी'.

आता जोडणारे. 'काय' म्हणजे आणि. हो, उच्चार थेट आपल्या 'काय'सारखाच, त्यामुळे 'मी काय वी' ऐकलं की मराठी कान प्रश्न समजतो, पण तो म्हणतोय 'मी आणि तू'. तसंच 'चार' म्हणजे कारण, आकडा नाही. 'सेद' म्हणजे पण, 'आउ' म्हणजे किंवा, 'से' म्हणजे जर, 'दो' म्हणजे म्हणून किंवा तर, 'तामेन' म्हणजे तरीपण. 'काय' आणि 'चार' हे दोन मुद्दाम वाक्यात घालून मोठ्याने म्हणा, कानाची सवय मोडायला तेवढंच लागतं: 'मी ने वेनोस, चार प्लुवास', मी येणार नाही कारण पाऊस पडतोय.

'के' म्हणजे आपला 'की', जो 'तो म्हणाला की' मध्ये येतो: 'ली दिरिस, के ली वेनोस'. आपण बोलताना 'येईन म्हणाला' असं उलटं करून 'की' गाळतो, इंग्रजीतही तो सर्रास गाळतात, एस्पेरांतोत 'के' गाळायचा नाही. आणि दुसरी गोष्ट, आपला 'की' तीन कामं करतो, तिकडे प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. 'म्हणाला की' साठी के. 'चहा की कॉफी?' साठी आउ. आणि 'अरे ये की!' मधल्या लाडिक आग्रहाच्या 'की' साठी दो, 'वेनु दो!'. कुठलंही वाक्य करताना 'की' आला की आधी थांबा, हा कुठला की ते ठरवा.

'ने' म्हणजे नाही, आणि तो ज्याला नाकारायचं त्याच्या बरोब्बर आधी. 'मी ने मेन्दिस तेओन' म्हणजे मी चहा मागवला नाही. 'ने मी मेन्दिस तेओन' म्हणजे चहा मी नाही मागवला, दुसऱ्या कोणीतरी मागवला. 'मी मेन्दिस ने तेओन, सेद काफोन' म्हणजे मी चहा नाही, कॉफी मागवली. शब्द तेच, 'ने'ची जागा बदलली की भांडण कोणाशी ते बदलतं.

पायरी ३: चु

हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न करायचा असेल तर साधं वाक्य घ्या आणि सगळ्यात आधी 'चु' लावा, बाकी काही हलवायचं नाही. 'वी वेनोस', तू येशील. 'चु वी वेनोस?', तू येशील का? आपलं वाक्याच्या शेवटचं 'का' उचलून सुरुवातीला ठेवलं, एवढंच. मराठीत एकच 'का' दोन्हीकडे चालतो, 'येतोस का?' आणि 'का येतोस?', जागेवरून आपण फरक ओळखतो. तिकडे दुसऱ्या 'का' साठी 'कीआल' हा वेगळा शब्द आहे. आणि प्रश्नात आधीच कोण, काय, कुठे असेल तर चु लागतच नाही.

'चु' वाक्याच्या मध्येही येतो, आपल्या 'येणार की नाही' सारखा: 'मी ने स्त्सीआस, चु ली वेनोस', तो येणार की नाही मला माहीत नाही. आणि 'ना?' म्हणून खात्री करून घ्यायची असेल तर शेवटी 'चु ने?': 'वी वेनोस, चु ने?', येशील ना?

नकारार्थी प्रश्नाचं उत्तर देताना जपा. 'चु वी ने वेनोस?' ला नुसतं 'येस' म्हटलं तर ऐकणारा त्याचे दोन अर्थ लावू शकतो, जसं मराठीत 'नाही येणार का?' ला नुसतं 'हो' म्हटलं की होतं तसंच. पूर्ण वाक्य बोला, 'ने, मी ने वेनोस'.

पायरी ४: मागे चिकटणारे आता पुढे

इथे 'मराठीत मागे, एस्पेरांतोत पुढे' हे सूत्र रोज लागेल.

आधी 'ला'चा घोटाळा मिटवू. एस्पेरांतोतला 'ला' म्हणजे इंग्रजीतल्या 'द' सारखा, तो आधी बोललेलं किंवा दोघांना माहीत असलेलं दाखवतो. 'लिब्रो' म्हणजे एखादं पुस्तक, 'ला लिब्रो' म्हणजे ते पुस्तक, आपण बोलत होतो ते. आपल्या 'मला', 'तुला' मधल्या ला शी त्याचा काही संबंध नाही. मराठीत असं काही नसल्यामुळे कुठे लावायचा, कुठे नाही याची धास्ती वाटते, पण झामेनहॉफने पहिल्या नियमाखालीच टीप लिहून ठेवली आहे की ज्यांना हा 'ला' अवघड जातो त्यांनी सुरुवातीला तो अजिबात वापरला नाही तरी चालेल. इतकी माया कुठल्या व्याकरणाने केलीय सांगा. रशियन आणि पोलिशमध्येही असा शब्द नाही, आणि तो त्यांच्यातच वाढलेला.

आपला 'ला' म्हणजे तिकडे 'आल'. 'दोनु आल मी', मला दे. जायच्या दिशेलाही तोच, 'मी इरास आल दादर', मी दादरला चाललोय. 'दे' म्हणजे चा-ची-चे आणि पासून, 'एल' म्हणजे आतून बाहेर, गाडीतून उतरणं 'एल ला त्रायनो'. 'सुर' म्हणजे टेकून वर, 'सुपेर' म्हणजे न टेकता वर, पुलावर माणसं असतात ती 'सुर', पुलाच्या वरून विमान जातं ते 'सुपेर'.

आता दोन जोड्या ज्यात आपला फायदा आहे. पहिली, 'पेर' आणि 'कुन'. 'पेर' म्हणजे साधनाचा 'ने', 'कुन' म्हणजे बरोबर. ट्रेनने आलो, 'मी वेनिस पेर त्रायनो'. मित्राबरोबर आलो, 'मी वेनिस कुन आमिको'. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात कारण त्यांना सुरीने कापणं आणि मित्राबरोबर जाणं दोन्हीला एकच शब्द, आपल्याला प्रश्नच नाही. दुसरी जोडी 'पोर' आणि 'प्रो'. 'पोर' म्हणजे साठी, 'प्रो' म्हणजे मुळे. 'पोर वी', तुझ्यासाठी. 'ला त्रायनो माल्फ्रुआस प्रो ला प्लुवो', गाडी पावसामुळे लेट आहे. हे वाक्य पाठच करून टाका, जून ते सप्टेंबर वापरायला मिळेल. मराठीत विचार करा आणि इंग्रजीला मध्ये येऊ देऊ नका, या दोन जोड्या आयुष्यात चुकणार नाहीत.

'दा' थोडा वेळ मागतो. हा मापाचा शब्द आहे, आणि याला मराठीत तंतोतंत उत्तर आहे, ते म्हणजे 'भर'. कपभर चहा, 'तासो दा तेओ'. किलोभर कांदे, 'किलोग्रामो दा त्सेपोय' (शेवटचा 'य' अनेकवचनाचा). चहाचा कप, म्हणजे चहा प्यायचं ते भांडं, असं म्हणायचं असेल तर 'दा' नाही, तिथे 'तासो पोर तेओ'. म्हणजे तपासायची रीत सोपी: मराठीत 'भर' लावून बघा, किंवा 'इतकं' च्या अर्थाचं माप आहे का बघा, लागलं तर दा. 'मुल्ते दा होमोय', खूप माणसं. आणि 'दा' नंतर 'ला' येत नाही, कारण माप घेतोय ते कुठल्यातरी ठराविक वस्तूचं नसून त्या जातीचं असतं. ठराविक वस्तूतला भाग हवा असेल, त्या केकमधला थोडा, तर 'इओम दे ला कुको'.

'पो' म्हणजे प्रत्येकी. पाच वडापाव, वीस रुपयाला एक, 'क्विन वादापावोय पो दुदेक रुपीओय'. बाजारात हिशेब करणाऱ्या माणसाला हा शब्द लगेच आवडतो, आणि तो वापरला नाही तर पाच वडे मिळून वीस रुपये असं होतं.

उरला 'ये'. चौदावा नियम सांगतो की प्रत्येक अव्ययाला ठरलेला अर्थ आहे, पण अर्थावरून कुठलंच बसत नसेल तेव्हा 'ये' लावा. नवशिक्याने तो वेळेसाठी लक्षात ठेवला तरी पुरे: 'ये ला ओका', आठ वाजता.

पायरी ५: शेपटीचा न

हा वेगळा शब्द नाही पण याच्याशिवाय वरचे सगळे लंगडे पडतात. ज्याच्यावर क्रिया होते त्याला 'न' लागतो: 'मी मान्जास मान्गोन', मी आंबा खातो. आपण 'रमेशला बोलावलं' मध्ये ला लावतो पण 'आंबा खाल्ला' मध्ये काही लावत नाही, तिकडे माणूस असो की आंबा, न लागणारच. विशेषणालाही लागतो. त्या बदल्यात शब्द कुठल्याही क्रमाने ठेवा, 'मान्गोन मान्जास मी' म्हटलं तरी आंबा तुम्हाला खाणार नाही.

अव्ययानंतर साधारणपणे न लागत नाही. पण 'एन', 'सुर', 'सुब' (खाली) असल्या जागा दाखवणाऱ्या शब्दांनंतर न आला की अर्थ बदलतो, जागा जाऊन दिशा येते. 'मी स्तारास एन ला वागोनो', मी डब्यात उभा आहे. 'मी कुरास एन ला वागोनोन', मी धावत डब्यात शिरतोय. पहिल्या वाक्यात न नाही म्हणून 'कुरास एन ला वागोनो' केलं तर डब्याच्या आतल्या आत धावणं होईल. मराठीत दोन्हीकडे 'डब्यात' च, क्रियापदावरून आपण समजून घेतो, म्हणून इथे मराठी माणसाला जरा थांबून विचार करावा लागतो. 'कुठे' चं तसंच. 'कुठे आहेस?' ला 'कीए', 'कुठे चाललास?' ला 'कीएन'. 'घरी आहे' ला 'हेय्मे', 'घरी जातोय' ला 'हेय्मेन'. 'आल' आणि 'जिस' (म्हणजे पर्यंत) यांच्यात दिशा आधीच असल्याने त्यांच्यामागे न नको.

पायरी ६: कोण-तो-जो चा तक्ता

पाच सुरुवाती आणि नऊ शेवट, गुणाकार केला की ४५ शब्द. यादी बघून लोक घाबरतात. घाबरू नका, हा तक्ता मराठी माणसाने अर्धा आधीच पाठ केलेला आहे.

आपण म्हणतो कुठे-तिथे, कधी-तेव्हा, किती-तितकं, कसा-तसा. क प्रश्नाचा, त दाखवण्याचा. एस्पेरांतोत 'की' प्रश्नाचा, 'ती' दाखवण्याचा. कीए-तीए म्हणजे कुठे-तिथे, कीआम-तीआम म्हणजे कधी-तेव्हा, कीओम-तीओम म्हणजे किती-तितकं, कीआ-तीआ म्हणजे कसला-तसला, कीएल-तीएल म्हणजे कसं-तसं, कीआल-तीआल म्हणजे का-म्हणून, कीएस-तीएस म्हणजे कोणाचं-त्याचं, कीओ-तीओ म्हणजे काय-ते, कीउ-तीउ म्हणजे कोण-तो. झाले नऊ शेवट. आपली ज ची रांग, जो, जिथे, जेव्हा, ती वेगळी नाही, 'की'च ते काम करतो: 'कीउ वेनोस, तीउ मान्जोस', जो येईल तो खाईल.

बाकीच्या तीन सुरुवाती अशा लक्षात ठेवा. मराठी 'तरी' म्हणजे 'ई': कोणीतरी 'ईउ', काहीतरी 'ईओ', कुठेतरी 'ईए', कधीतरी 'ईआम'. सगळं, प्रत्येक म्हणजे 'ची': 'चीओ' सगळं, 'चीए' सगळीकडे, 'चीआम' नेहमी. आणि 'च नाही' म्हणजे 'नेनी': कोणीच नाही 'नेनीउ', कधीच नाही 'नेनीआम'.

इथे मोठा खड्डा आहे. आपण 'कोणीच आलं नाही' म्हणतो, म्हणजे नाही वेगळा येतोच. एस्पेरांतोत 'नेनीउ' मध्ये नाही आधीच आहे, बाराव्या नियमानुसार अजून 'ने' लावायचा नाही. 'नेनीउ वेनिस' एवढंच. 'नेनीउ ने वेनिस' म्हटलं तर 'न आलेलं असं कोणी नव्हतं', म्हणजे सगळे आले. मराठीतून येणाऱ्याने हे वाक्य रोज दोनदा म्हणावं.

दोन सुटे शब्द या तक्त्याला चिकटतात. 'ची' सुटा लिहिला की जवळ आणतो, 'तीए' तिथे, 'ची तीए' इथे, 'तीउ' तो, 'ची तीउ' हा. तो आणि 'चीए' मधला ची वेगळे, 'ची तीए' इथे आणि 'चीए' सगळीकडे, घाईत गोंधळ होतो. दुसरा 'आयन', आपला 'कोणीही, कुठेही, कधीही' मधला 'ही'. आणि हा आपल्या सूत्राचा अपवाद, मराठीसारखाच मागे येतो: 'कीउ आयन' कोणीही, 'कीआम आयन' कधीही.

पायरी ७: च, ही, तरी

या पायरीसाठी मी हा लेख लिहायला घेतला. मराठीचा सगळा जीव या एका-एका अक्षरात असतो, 'आलो' आणि 'आलोच' मध्ये केवढा फरक आहे, आणि एस्पेरांतो शिकताना लोक हा जीव घरी ठेवून येतात, सपाट वाक्यं बोलतात. गरज नाही तशी. तिकडे प्रत्येक छटेला शब्द आहे, फक्त आपला एक 'च' त्यांच्याकडे अनेक शब्दांत विभागलेला आहे.

रीत अशी. 'च' असलेलं मराठी वाक्य घ्या, 'च' काढा आणि त्याजागी एकेक करून फक्त, नेमका, खरंच, लगेच, अजिबात, स्वतः हे शब्द ठेवून बघा. जो बसेल त्यावरून एस्पेरांतोचा शब्द ठरतो. 'दहाच रुपये आहेत' मध्ये फक्त बसतो, म्हणून 'नुर देक रुपीओय'. 'आजच यायचं होतं का त्याला?' मध्ये नेमका, म्हणून 'जुस्ते होदिआउ'. 'मी सांगितलंच होतं' मध्ये खरंच, म्हणून 'मी या दिरिस'. 'आलोच!' मध्ये लगेच, म्हणून 'मी तुय वेनोस'. 'नाहीच' मध्ये अजिबात, म्हणून 'तुते ने'. 'मीच केलं' मध्ये स्वतः, म्हणून 'मी मेम फारिस', आणि हा 'मेम' सुद्धा आयनसारखा मागेच उभा राहतो. 'तोच माणूस' मध्ये यातलं काहीच बसत नाही कारण तिथे 'तो आणि हा एकच' असं म्हणायचंय, तिथे 'ला सामा'.

या सगळ्यांत 'या' वर जास्त मेहनत घ्या. पाठ्यक्रमात तो उशिरा येतो, पण बोलण्यात सारखा लागतो, कारण समोरच्याला 'अरे तुला माहीत आहेच की' असं म्हणायला तोच उपयोगी. क्रियापदाच्या आधी ठेवायचा. 'वी या स्त्सीआस', तुला माहीत आहेच.

'ही' चे दोन भाग. सुद्धा अशा साध्या अर्थाने असेल तर 'आन्काउ'. आश्चर्याचा ही असेल तर 'एच'. ओळखायचं कसं? वाक्याआधी 'एवढंच काय' लावून बघा. 'एवढंच काय, आजीही एस्पेरांतो बोलते' बरोबर वाटतं, मग एच. 'एवढंच काय, मलाही चहा' विचित्र वाटतं, मग आन्काउ. आणि जागा जपा, कारण ज्याच्या आधी ठेवाल त्याला तो लागतो. 'आन्काउ मी मेन्दिस तेओन', मीही चहा मागवला. 'मी मेन्दिस आन्काउ तेओन', मी चहाही मागवला. 'मी आन्काउ मेन्दिस तेओन', मी चहा मागवलाही. मराठीत ही जिथे चिकटतो तो शब्द शोधा आणि एस्पेरांतोत त्याच्या आधी आन्काउ ठेवा, चुकायला जागाच नाही. नुर आणि एच ची जागासुद्धा अशीच.

'तरी' पण फोडावा लागतो. निदान या अर्थी 'आल्मेनाउ', असं असूनही या अर्थी 'तामेन', 'कोणीतरी' मधला तर 'ई' मध्ये गेलाच, आणि 'मग करायचं तरी काय?' मधला वैतागलेला तरी म्हणजे 'दो', 'कीओन दो फारी?'. 'तो येणार म्हणे' मधल्या 'म्हणे' ला 'लाउदिरे' आहे, 'लाउदिरे ली वेनोस', ऐकीव गोष्ट एका शब्दात सांगणारी आपली लकब तिकडे जपता येते याचा मला फार आनंद वाटतो. 'ये ना' मधल्या विनवणीच्या ना ला 'बोन्वोलु वेनी'. अरे, अगं, अहो याला मात्र उत्तर नाही, नावाने हाक मारा.

पायरी ८: याम आणि आन्कोराउ

पाऊस घ्या, चारही छटा एकदम कळतील. 'याम प्लुवास', पडायला लागलासुद्धा. 'आन्कोराउ प्लुवास', अजून पडतोय. 'आन्कोराउ ने प्लुवास', अजून सुरू नाही झाला. 'याम ने प्लुवास', आता नाही पडत, थांबला. चौथं नीट बघा, 'याम ने' म्हणजे आधी होतं, आता नाही. आणि 'प्लुवास' ला कर्ता लागत नाही, आधी 'तो' वगैरे काही घालू नका.

सराव

'लेर्नु' ही मोफत वेबसाइट २००२ पासून आहे, धडे तिथे करा. वाक्यांची चाल कळायला १९०५ च्या 'फुंदामेन्तो' या भाषेच्या पायाभूत पुस्तकातले ४२ छोटे पाठ वाचा, झामेनहॉफने स्वतः लिहिलेले आहेत आणि प्रत्येक चिमुकला शब्द कुठे ठेवायचा ते त्यात दिसतं. पण खरा सराव प्रवासात होतो. ट्रेनमध्ये आजूबाजूला मराठी बोलणं चालूच असतं, त्यातलं एक वाक्य पकडा, त्यातला च, ही, तरी, ना, की शोधा, वरच्या रीतीने फोडा आणि मनात एस्पेरांतो करा. नाम आठवलं नाही तर मराठीच राहू द्या, चिमुकला शब्द मात्र बरोबर जागी बसला पाहिजे.

काही वाक्यं देतो, आधी उत्तर झाकून करा. तू कुठे चाललीस? 'कीएन वी इरास?' पाऊस अजून थांबला नाही का? 'चु ला प्लुवो आन्कोराउ ने चेसिस?' निदान कपभर चहा तरी घे. 'प्रेनु आल्मेनाउ तासोन दा तेओ', इथे न कपाला लागला, चहाला नाही. कोणीच आलं नाही म्हणे. 'लाउदिरे नेनीउ वेनिस'. एवढंच काय, तीही मराठी बोलते. 'एच शी पारोलास माराते'. तुला माहीत आहेच की मी येणार नाही. 'वी या स्त्सीआस, के मी ने वेनोस'.

हे जमलं की याच शब्दांना शेपट्या लावून नवे शब्द करायला घ्या, कारण यातल्या बऱ्याच जणांना ते चालतं: कुन पासून 'कुने' म्हणजे एकत्र आणि 'कुनुलो' म्हणजे सोबती, कीआल पासून 'कीआलो' म्हणजे कारण, येस पासून 'येसी' म्हणजे हो म्हणणं.